शस्त्रकर्म आणि वाशिमची वाट

१९०५ साली वऱ्हाडच्या कारभाराची फेरमांडणी झाली, बाशीम जिल्हा मोडला गेला, त्यातील वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला व पुसद यवतमाळला जोडण्यात आला, आणि एके काळी वाकाटकांची राजधानी म्हणून वत्सगुल्म या नावाने ज्याची कीर्ती दूरवर पसरली होती ते वाशिम एका तालुक्याचे ठिकाण होऊन राहिले. जिल्हा मोडतो तेव्हा कचेरी, खजिना आणि दफ्तर हलते, हे सर्वांच्या डोळ्यांना दिसते. परंतु त्यांच्याबरोबर सिव्हिल सर्जनचे ठाणेही हलते, आणि जेथे शस्त्रवैद्य मुळातच दुर्मीळ तेथे या एका बदलाचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागतात, याची नोंद महसुली इतिहासात कोणी करीत नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत जगातील शस्त्रवैद्यकाने स्तनाच्या कर्करोगावरील आपले मत आमूलाग्र बदलले: आधी शस्त्र जितके खोल जाईल तितके ते हिताचे असे मानले गेले, आणि मग पुराव्याने हळूहळू सिद्ध होत गेले की तितके खोल जाण्याचे प्रयोजनच नव्हते.

या दोन इतिहासांचा एकमेकांशी संबंध आहे, असे माझे मत आहे, आणि तोच येथे मांडावयाचा आहे. स्तनाच्या कर्करोगात कोणते शस्त्रकर्म करावे, सबंध स्तन काढावा की केवळ गाठ काढून स्तन राखावा, काखेतील किती ग्रंथी काढाव्यात, हे प्रश्न रोगाच्या अवस्थेवर आणि शस्त्रवैद्याच्या ज्ञानावर सुटतात असे पाठ्यपुस्तके सांगतात. आणि ते खरेही आहे. परंतु रिसोड, मानोरा वा मालेगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या बाईच्या बाबतीत या दोहोंच्या बरोबरीने तिसरी एक गोष्ट निवाडा करीत आली आहे, आणि ती म्हणजे इस्पितळाचे अंतर.

या भूमीवर वैद्यकाची परंपरा अर्वाचीन नाही. प्रथम प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात वत्सगुल्म येथे वाकाटकांच्या धाकट्या शाखेची गादी स्थापिली, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच शाखेतील हरिषेणाच्या अमदानीत त्याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्या काळापर्यंत आयुर्वेदातील शल्यतंत्र सुश्रुताच्या नावाने प्रमाण होऊन बसले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची आणि अर्बुद यांचे वर्णन एकत्र येते: अर्बुद वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, मोठ्या मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. न दुखणारी आणि न पिकणारी गाठ हीच संशयास्पद समजावी, हे आजचा शस्त्रवैद्यही पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला शिकवितो. चिकित्सास्थानात सुश्रुत असे बजावतो की अर्बुद काढताना त्याचा अंशही मागे ठेवू नये, कारण उरलेला अंश राहिलेल्या विस्तवाप्रमाणे पुन्हा पेट घेतो आणि रोग्याचा घात करतो. एका अर्बुदावर दुसरे उद्भवले तर त्याला वेगळे नाव देऊन ते असाध्य ठरविण्याइतके त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते.

मात्र सुश्रुताच्या या अशेष उच्छेदाच्या तत्त्वाला अनुसरून स्तनावर शस्त्र चालविणारे हात पुढील शतकांत या मुलखात फारसे उरले नाहीत. शल्यतंत्र ग्रंथांत राहिले. व्यवहारात वैद्य काढे आणि लेप देत राहिला, जर्राह फोड चिरीत राहिला, आणि बाईच्या छातीतल्या गाठीवर एरंडाचे पान शेकून बांधणे, पोटीस लावणे किंवा डाग देणे एवढेच इलाज घराच्या आत चालत राहिले. ज्या वाकाटकांच्या अमलात चित्रकारांनी स्त्रीदेह निःसंकोच भावनेने रंगविला त्याच प्रदेशात पुढे असा काळ आला की बाईने आपल्या छातीचे दुखणे नवऱ्यालाही सांगू नये. ही अवनती कशी झाली हा विषय स्वतंत्र आहे. पण कर्करोगाने या मौनाचा जितका फायदा घेतला तितका अन्य कोणत्याही रोगाने घेतला नसेल.

पाश्चात्त्य देशांतही त्या काळी स्थिती फार वेगळी नव्हती. गुंगीच्या औषधावाचून स्तन कापणे म्हणजे काय, याचे वर्णन फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेने करून ठेवले आहे. तिच्यावर १८११ साली पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शस्त्रवैद्य लारे याने ते शस्त्रकर्म केले होते. तिच्याही आधी, १८०४ साली, जपानातील हानाओका सेशू याने धोतऱ्यासारख्या वनस्पतींचे मिश्रण पाजून एका वृद्धेला निद्रिस्त केले आणि तिच्या स्तनातील गाठ काढली. परंतु जपानचे दरवाजे त्या वेळी जगाला बंद होते आणि ही विद्या तेथेच राहिली. १८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म आले, १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली, आणि तेव्हा कोठे शस्त्रवैद्याला सावकाश, विचारपूर्वक आणि खोलवर काम करण्याची मुभा मिळाली.

क्लोरोफॉर्मचा इतिहास वाशिमच्या शेजारून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला तरी त्याची मालकी कागदोपत्री निजामाकडेच होती, आणि १९०२ साली कायमचा पट्टा होईपर्यंत बाशीमची रयत नावाने हैदराबाद सरकारचीच होती. त्याच हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याच्या आग्रहावरून आणि सहावा निजाम महबूब अली खान याच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन कमिशने बसली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने हृदयालाही थेट धोका असतो हे दाखवून दिले, तेव्हा तो निष्कर्ष अपुरा ठरला. पण गुंगी देताना रोग्याच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा दंडक त्या कमिशनांनी जगभर पोहोचविला, हे श्रेय दख्खनच्या त्या दरबाराला दिलेच पाहिजे. लॉरीच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या गुंगीच्या शास्त्रात निष्णात झालेल्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक होत.

अशा पूर्वतयारीनंतर अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड याने आपले प्रसिद्ध शस्त्रकर्म सिद्ध केले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पन्नास रुग्णांचा त्याचा अहवाल १८९४ साली प्रसिद्ध झाला. त्याची विचारसरणी अशी होती की कर्करोग मूळ स्थानापासून लसवाहिन्यांच्या मार्गाने क्रमाक्रमाने, अंगुळाअंगुळाने पसरतो. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे मोठे व लहान स्नायू आणि काखेतील सर्व ग्रंथी एकसंध रीतीने काढल्या की रोग मुळासकट जातो. त्या पन्नासांपैकी केवळ तिघींना त्याच जागी रोग उलटला, आणि त्या काळच्या मानाने हे यश इतके अपूर्व होते की पुढील पाऊणशे वर्षे जगातील बहुतेक शस्त्रवैद्यांनी त्याचीच वाट धरली. सुश्रुताचे अशेष उच्छेदाचे सूत्र आणि हॉल्स्टेडचे हे शस्त्रकर्म यांत तत्त्वतः अंतर नाही. दोघांचाही विश्वास होता की रोग परतून येतो तो शस्त्र कमी चालल्यामुळे. काहींनी तर पुढे जाऊन उरोस्थीमागच्या ग्रंथीही काढावयास प्रारंभ केला. रोग्याचे आयुष्य त्याने वाढले नाही, यातना मात्र वाढल्या.

या शस्त्रकर्माची किंमत कष्ट करणाऱ्या बाईला जास्त पडे. स्नायू गेल्यामुळे छाती खोलगट होई, खांदा आखडे, हात डोक्यावर नेता येत नसे, आणि काखेतील ग्रंथी निघाल्याने लस साचून हात सुजे. पांढरपेशा घरातील बाईला हे दुःख लपविता येत असेल. परंतु वऱ्हाडात जिच्या संसाराचा आधार निंदण, कापसाची वेचणी आणि सोंगणी यांवर असतो, तिचा उजवा हात सुजला म्हणजे घरातील एक मजुरी गेली. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवरील ज्या वृद्ध बंजारा स्त्रिया मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांच्या ओळी घालीत आल्या, त्यांच्या बाबतीत तर सुजलेला हात म्हणजे जन्मभर अंगावर वागविलेले लेणे उतरविणे. शस्त्रकर्माचा विचार करताना शरीरशास्त्राबरोबर या गोष्टीही पाहिल्या पाहिजेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाशिमकडील बाईपुढे मात्र हॉल्स्टेडचे शस्त्रकर्म चांगले की वाईट हा प्रश्नच येत नव्हता, कारण शस्त्रापर्यंत पोहोचण्याची वाटच तिला मोकळी नव्हती. १८८५ साली लेडी डफरिन फंड स्थापन झाला तो हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून; त्याच्या खुणा वऱ्हाडात अजून राहिल्या आहेत, आणि अमरावतीचे लोक जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही डफरिन म्हणतात. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या, त्यांना लगेच काळाने ओढून नेले. मागणी मोठी होती, आणि डॉक्टर बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

वाशिमला ही उणीव भरून निघण्यास आरंभ झाला तो एका परदेशी बाईच्या हातून. अमेरिकेतील चर्च ऑफ द नाझरीन या पंथाच्या मिशनने १९३८ साली वाशिम येथे जुन्या शाळेच्या इमारतीत इस्पितळ उघडले, आणि त्या पंथाचे एक धुरीण हायरम रेनॉल्ड्स यांच्या स्मरणार्थ त्याला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल असे नाव मिळाले. त्याची जबाबदारी घेणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली हिंदुस्थानात आल्या होत्या, आणि पुढील सुमारे चार दशके त्यांनी या कामाला वाहिली. पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे; त्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या गावात जिल्ह्याचे दफ्तर गेल्यापासून सरकारी शस्त्रवैद्याचे वास्तव्य राहिले नव्हते, त्या गावात शस्त्र चालविणारी आणि स्त्री असणारी डॉक्टर दारात येऊन बसली, ही घटना लहान नव्हे. पदर बाजूला करावयाचा तो बाईपुढे, एवढ्या एका गोष्टीने किती मौने सुटली असतील याचा अंदाज आजच्या पिढीला येणे कठीण आहे.

तरीही कर्करोगाचे मोठे शस्त्रकर्म आणि त्यानंतरचे किरणोपचार यांसाठी मुंबईला जाणे भागच होते. परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या, आणि टाटांच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळा घडविली आणि निरनिराळ्या ज्ञातींत व प्रदेशांत कर्करोग निरनिराळ्या रूपांनी का आढळतो याचा जो चिकाटीने अभ्यास केला, तो भारतीय रोगविज्ञानाचा पाया ठरला. शस्त्रकर्माच्या बाजूला मूळचे गोमंतकीय डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे होते. १९६९ साली त्यांचे निधन झाले आणि रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या पिढीतील शस्त्रवैद्य हॉल्स्टेडच्याच संप्रदायात वाढले होते, आणि त्यांच्यापुढे येणारे रोगी इतके उशिरा येत की मोठ्या शस्त्रकर्माला पर्यायही थोडेच उरत.

वाशिमहून परळ म्हणजे त्या काळी केवढा प्रवास होता! आगगाडी वाशिमला आली ती हिंगोली ते खांडवा हा छोट्या रुळांचा मार्ग पुरा झाल्यावर, १९६० च्या सुमारास. तोपर्यंत मोटारीने अकोला गाठावयाचे, तेथून रेल्वेने मुंबई, आणि मुंबईत उतरल्यावर राहावयाचे कोठे हा सर्वांत कठीण प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर विदर्भाच्याच मातीतून निघाले, याचा मला मोठा आनंद वाटतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आसऱ्याला येणाऱ्या गोरगरिबांची सोय पाहिली, आणि १९५६ साली त्यांनी देह ठेवल्यानंतर त्यांच्याच नावाने दादरला उभी राहिलेली धर्मशाळा परळला उपचार घेणाऱ्या कर्करोग्यांचे हक्काचे घर झाली. शस्त्रकर्माच्या इतिहासात शस्त्रवैद्यांची नावे येतात, धर्मशाळा बांधणाऱ्याचे येत नाही. माझ्या मते आले पाहिजे. कारण पाच आठवडे किरणोपचार घेण्यासाठी मुंबईत राहता येईल की नाही, यावर कित्येक स्त्रियांच्या बाबतीत शस्त्रकर्म कोणते हे ठरत आले आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी हॉल्स्टेडच्या संप्रदायाला मिळालेल्या आव्हानाकडे वळले पाहिजे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स याने १९२० नंतरच्या दशकात रेडियमच्या सुया वापरून, स्तन न काढता उपचार करून पाहिले. सहकाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही. १९४८ साली पॅटी व डायसन यांनी मोठा स्नायू राखून स्तन आणि काखेतील ग्रंथी काढण्याची सुधारित पद्धत मांडली, आणि आजही जेव्हा सबंध स्तन काढावा लागतो तेव्हा बहुधा हेच शस्त्रकर्म केले जाते. परंतु मूळ सिद्धांतालाच हात घातला तो पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर याने. रोग क्रमाने पसरतो हेच चूक आहे, तो पुष्कळदा आरंभापासूनच रक्तावाटे दूर गेलेला असतो, म्हणून छातीवर शस्त्र कितीही खोल चालविले तरी दूर गेलेला रोग त्याने सापडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते त्याने केवळ मांडले नाही, तर कोणत्या रुग्णाच्या वाट्याला कोणता उपचार यावा हे चिठ्ठीने ठरवून, वर्षानुवर्षे हिशेब ठेवून सिद्ध केले. १९७१ साली सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या परीक्षणात सुमारे सोळाशे स्त्रिया होत्या, आणि हॉल्स्टेडच्या शस्त्रकर्माने साध्या शस्त्रकर्माहून अधिक जीव वाचत नाहीत असे त्यात दिसून आले. १९७६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या परीक्षणात केवळ गाठ काढणे आणि सबंध स्तन काढणे यांची तुलना झाली. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेझी याने १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर तसेच परीक्षण केले. दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले: स्तन राखला काय आणि काढला काय, आयुर्मानात फरक नाही.

या निष्कर्षात एक अट मात्र दडलेली होती. फिशरच्या परीक्षणात केवळ गाठ काढून थांबलेल्या स्त्रियांपैकी वीस वर्षांत शेकडा ३९ जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. गाठ काढून वर किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा १४ होते. स्तन राखावयाचा तर किरणोपचार, ज्याला आपल्याकडील रोगी शेक घेणे म्हणतात, तो टाळता येत नाही. मुंबईत परळच्या रुग्णालयाने १९८० पासून ही पद्धत अंगीकारिली, आणि पुढील दोन दशकांतील हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध करून भारतीय स्त्रियांतही ती सुरक्षित ठरते हे दाखवून दिले. डॉ. केतायुन दिनशॉ यांच्यासारख्या किरणोपचारतज्ज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. पण त्या काळी हा शेक म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे किंवा त्याहून अधिक. जिचे घर परळपासून लोकलच्या अंतरावर आहे तिला ते जमते. जिचे घर मंगरूळपीरच्या पलीकडे आहे, जी पोरे सासूवर टाकून आली आहे आणि जिचे सोयाबीन शेतात उभे आहे, ती म्हणते, डॉक्टरसाहेब, काढूनच टाका. तिच्या या वाक्याची रुग्णपत्रिकेत नोंद होते ती रुग्णाची इच्छा म्हणून. ती इच्छा नव्हे. ते अंतराने दिलेले उत्तर आहे.

काखेच्या बाबतीतही शस्त्र असेच मागे सरकत आले. १९९० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिड क्रॅग आणि अरमांडो जुलियानो यांनी दाखविले की गाठीतून निघणारी लस ज्या ग्रंथीत प्रथम येते ती शोधून तपासली आणि ती निरोगी निघाली, तर बाकीच्या ग्रंथींना हात लावण्याचे कारण नाही. परंतु ती ग्रंथी शोधण्यास बहुधा किरणोत्सर्गी द्रव्य आणि खास यंत्र लागते. परळच्या डॉ. वाणी परमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली असे दाखवून दिले की काखेच्या खालच्या भागातील ठरावीक ग्रंथी नुसत्या हातानेच काढून तपासल्या तरी निदान तितकेच भरवशाचे होते. मोठ्या शहरातील यंत्राची वाट न पाहता लहान गावातील शस्त्रवैद्याला करता येईल अशी ही तजवीज आहे, आणि म्हणून वाशिमसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे मोल परदेशी शोधांहून मी अधिक समजतो. वेचणीला जाणाऱ्या बाईचा हात तिने वाचतो.

परळच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांनी केलेली दोन परीक्षणे येथे सांगण्यासारखी आहेत. रोग आधीच दूरच्या अवयवांत पसरलेला असताना स्तनातील मूळ गाठ काढून आयुष्य वाढते का, हे ३५० स्त्रियांच्या परीक्षणात पाहिले गेले आणि २०१५ साली उत्तर आले, वाढत नाही. म्हणजे शस्त्र न चालविणे हाही शस्त्रवैद्याचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो. दुसरे २०२३ सालचे: गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्या भोवती बधिरतेचे साधे लिडोकेन हे औषध टोचले, तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८६.४ वरून ९०.१ वर गेले. हे औषध तालुक्याच्या दवाखान्यातही असते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

अंतराचा प्रश्नही आता पूर्वीइतका दुस्तर राहिलेला नाही. किरणोपचाराचे पाच आठवडे पुढे तीन आठवड्यांवर आले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील परीक्षणाने, ज्यात चार हजारांहून अधिक रुग्ण होते, एका आठवड्यातील पाच बैठकाही तितक्याच गुणकारी ठरतात असे दाखविले. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. स्वतः तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले होते. अकोल्यात संत तुकारामांच्या नावाचे रुग्णालय आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो, त्यामुळे अडीचशे किलोमीटरांवरचे नागपूर काही तासांवर आले आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेली जीवनदायी योजना शस्त्रकर्माचा व शेकाचा खर्च बऱ्याच अंशी उचलते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा १९०५ साली कचेरीबरोबर गेलेली वस्तू एकशे एकोणीस वर्षांनी परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु इमारत आली म्हणजे निवड आली असे होत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले असे जागतिक अनुमान आहे, आणि भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. इंद्रनील मित्र यांनी १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या परीक्षणात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्यामुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा तीसने घटले. हे काम वाशिम जिल्ह्यातील आशाताईंना शिकविता येण्याजोगे आहे. लवकर सापडलेल्या गाठीलाच स्तन राखण्याचे शस्त्रकर्म लागू पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे खेड्यातील या तपासणीचे महत्त्व शस्त्रगृहाहून कमी ठरत नाही.

म्हणून वाशिमच्या नव्या महाविद्यालयाचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे माझा अर्ज एवढाच आहे, की तेथे किरणोपचाराचे यंत्र, तुकडा तपासून निदान करणारी सुसज्ज प्रयोगशाळा आणि स्त्री शस्त्रवैद्य या तिन्ही गोष्टी एकाच आवारात याव्यात. त्यांतील एक जरी नसली तरी पुन्हा अंतरच निवाडा करील. आणि जिल्ह्यातील माताभगिनींना सांगणे असे, की न दुखणारी गाठ अंगावर काढू नये, सुई लावल्याने किंवा तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे, आणि डॉक्टरने स्तन काढण्यास सांगितले तर राखता येईल का, हा प्रश्न त्याला निर्भयपणे विचारावा.